मूळ आधी दाखवावा की रिमेक? परभणीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार सर. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. परभणीत कॉलेजच्या फिल्म क्लबतर्फे तुम्ही 1933 चा ‘किंग काँग’ आणि 2005 चा ‘किंग काँग’ एकाच दिवशी पाठोपाठ दाखवलात. जुना सुरू झाला तशी पोरं “काय खेळणं नाचवायलेत” म्हणत हसायला लागली. नवा लागल्यावर ज्येष्ठ मंडळींतली बरीच जण “वाटोळं केलं” म्हणून उठून गेली आणि चर्चा हमरीतुमरीवर आली. आता डिसेंबरात गॉडझिलाची जोडी लावायची आहे, तर कोणता आधी दाखवावा आणि चर्चा कशी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

क्रमाचं पुढे सांगतोच. पण तुमच्याकडे जे झालं ते क्रमामुळे झालेलं नाही. जुना सिनेमा 100 मिनिटांचा, नवा 187 मिनिटांचा. मध्ये चहाला अर्धा तास धरला तर सव्वापाच तास होतात. एवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला माणूस चर्चेला येतो तो आधीच वैतागलेला असतो. त्याहून मोठं कारण असं की सगळ्यांनी तक्रार एकाच शब्दांत केली, पण प्रत्येकाच्या मनातली तक्रार निराळी होती.

“वाटोळं केलं” म्हणणाऱ्याला तीनपैकी एक काहीतरी म्हणायचं असतं. एक, प्राण्याचं रूप बदललं. दोन, त्या प्राण्याचं कथेतलं काम बदललं. तीन, मी लहानपणी जे पाहून घाबरलो त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही. पहिली तक्रार सगळ्यांत जास्त आवाज करते आणि सगळ्यांत लवकर विरते. तिसरीवर वाद घालू नये. ती त्या माणसाची ठेव आहे, ऐकून घ्यावी. चर्चेला खरी लायक तक्रार दुसरी आहे, आणि नेमकी तीच गोंगाटात हरवते.

गॉडझिलाचंच उदाहरण घेऊ, कारण तुम्हाला तोच लावायचा आहे. 1998 चा अमेरिकन ‘गॉडझिला’ आला तेव्हा जुने चाहते भडकले. वरवर राग रूपावर होता: पुढे झुकलेला, सरड्यासारखा धावणारा, मासे खाणारा प्राणी. पण त्या सिनेमात तो सैन्याला पाहून पळतो, लपतो, अंडी घालतो आणि शेवटी ब्रुकलिन पुलाच्या तारांत अडकल्यावर साध्या क्षेपणास्त्रांनी मरतो. खरं दुखणं इथे आहे. 1954 च्या मूळ सिनेमात त्याच्यापुढे रणगाडे, विमानं, विजेच्या तारांचं कुंपण काहीच चालत नाही. माणसाने स्वतः निर्माण केलेलं संकट माणसाच्या नेहमीच्या हत्यारांना दाद देत नाही, हे त्याचं कथेतलं काम आहे. ते काम काढून घेतलं की उरतं ते फक्त नाव. चाहते त्याला ‘नावापुरता गॉडझिला’ म्हणायला लागले. पुढे मूळ मालक असलेल्या जपानच्या तोहो कंपनीनेही त्या प्राण्याला ‘झिला’ असं वेगळं नाव दिलं आणि 2004 च्या ‘गॉडझिला: फायनल वॉर्स’ या सिनेमात आपल्या गॉडझिलाकडून सिडनीत त्याला काही सेकंदांत संपवलं.

आता याच्या उलट बाजू बघा. 2016 चा ‘शिन गॉडझिला’ जपानमध्येच झाला. त्यात तो पहिल्यांदा जमिनीवर येतो तेव्हा बटबटीत डोळ्यांचा, सरपटणारा, कल्ल्यांतून लाल द्रव सांडणारा दिसतो. रूपाने तो 1954 च्या प्राण्यापासून 1998 च्या प्राण्याइतकाच, किंबहुना जास्तच लांब आहे. तरी त्याला चाहत्यांनी आपलं म्हटलं. त्यात बैठकांवर बैठका होतात, एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात फिरतो आणि तेवढ्यात शहर उद्ध्वस्त होत जातं. 2011 चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची दुर्घटना प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे होती. रूप पार बदललं, काम शाबूत राहिलं. म्हणून कुठल्याही जोडीची निवड करताना एकच प्रश्न आधी सोडवून घ्यावा: मूळ सिनेमात हा प्राणी माणसांचं नेमकं काय करतो, आणि रिमेकमध्ये तेच करतो का?

काळ गेला की निकाल फिरतो, हेही प्रेक्षकांना सांगण्यासारखं आहे. जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ 25 जून 1982 ला अमेरिकेत लागला, ‘ई.टी.’ नंतर दोनच आठवड्यांनी. लोकांना तेव्हा प्रेमळ परग्रहवासी हवा होता. समीक्षकांनी ‘द थिंग’ला किळसवाणा म्हटलं आणि तिकीटखिडकीवरही तो पडला. 1951 च्या मूळ सिनेमाचे दिग्दर्शक ख्रिश्चन नायबी यांनीही त्यावर उघड टीका केली. आज तोच सिनेमा भयपटांच्या कुठल्याही यादीत वरच्या रांगेत असतो. गंमत म्हणजे तो रिमेक मूळ सिनेमापेक्षा मूळ कथेच्या जास्त जवळ आहे. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या 1938 च्या कथेत तो जीव कुणाचंही रूप घेऊ शकतो. 1951 च्या सिनेमात तो भाग गाळून त्याला वनस्पतीपासून उत्क्रांत झालेला एक धिप्पाड माणसासारखा प्राणी केलं होतं. 1982 मध्ये रूप घेण्याची कल्पना परत आली आणि सिनेमाचा विषयच ‘शेजारी बसलेला माणूस खरा आहे का’ हा झाला. तापवलेली तार एकेकाच्या रक्ताच्या बशीत बुडवतात, तो प्रसंग त्याचा गाभा आहे. पुढे 2011 मध्ये त्याच नावाने पूर्वकथा आली. तिच्यासाठी हाताने घडवलेले बाहुले आणि यंत्रं तयार झाली होती, पण पडद्यावर त्यांतलं बरंचसं संगणकाच्या चित्रांनी झाकलं गेलं. मग 1982 च्या सिनेमावर वाढलेली पिढी त्यावर चिडली. 1982 मध्ये जो रिमेक पापी होता तोच 2011 पर्यंत पवित्र मूळ झाला होता. दोन्ही बाजूंच्या लोकांना हा इतिहास आधी दोन मिनिटांत सांगितला की निम्मा आवेश उतरतो.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट, तुमच्या हॉलमधल्या लोकांचं ‘मूळ’ कोणतं? आपल्याकडे, म्हणजे परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर भागात, आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांनी गॉडझिला पहिल्यांदा पाहिला तो 1998 चा, हिंदी डबिंगमध्ये, टीव्हीवर. त्यांच्यासाठी तोच मूळ आहे. 1954 चा पाहताना त्यांना तो ‘जुना, संथ’ वाटणार, कारण त्यांची अपेक्षा धावपळीची आहे. हे काही त्यांचं अज्ञान नाही. ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूवर जीव असलेल्या माणसाला बाहुल्यात आत्मा शिरण्याची कल्पना आधी हॉलिवूडमध्ये येऊन गेली, हे सांगून त्याचं प्रेम कमी होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही. त्यामुळे नोंदणीच्या कागदावर एक ओळ ठेवा: “गॉडझिला याआधी पाहिलाय का? कोणता, कुठे?” चार-पाच दिवस आधी ही माहिती हातात आली की प्रास्ताविकात काय सांगायचं ते ठरतं.

दुसरी गोष्ट वयोगट. पालकांबरोबर लहान मुलं येणार असतील तर 1982 चा ‘द थिंग’ आणि 1986 चा ‘द फ्लाय’ (शास्त्रज्ञाची माशी होत जाण्याची कथा) या दोन्हींना हात लावू नका. त्यांतली शारीरिक विटंबना मोठ्यांनाही जड जाते.

तिसरी गोष्ट, दोन संध्याकाळी मिळतात की एकच. मिळत असतील तर शनिवार-रविवार असे दोनच घ्या. आठवड्याचं अंतर नको. पहिल्या सिनेमातले तपशील तोवर निसटतात आणि लोक आठवणीतल्या सिनेमाशी भांडायला लागतात.

क्रमाबद्दल सगळ्यांना लागू होणारा नियम नाही. कुठल्या सिनेमाचं रहस्य दुसऱ्यामुळे फुटतं ते बघायचं. ‘द फ्लाय’ची जोडी असेल तर 1958 चा आधी दाखवलाच पाहिजे. त्यात शास्त्रज्ञाने डोकं काळ्या कापडाखाली झाकलेलं असतं आणि बायको ते कापड ओढते, तोवर प्रेक्षकाला काही माहीत नसतं. 1986 चा रिमेक पहिल्यापासून सगळं डोळ्यांदेखत, हळूहळू घडवतो. तो आधी पाहिला तर जुन्यातल्या कापडाखाली काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तो प्रसंग फुकट जातो. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्येही 1956 चा आधी. त्यातला नायक केविन मॅकार्थी 1978 च्या रिमेकमध्ये गाड्यांच्या मधून ओरडत धावणारा माणूस म्हणून क्षणभर येतो. जुना पाहिलेल्या माणसाच्या अंगावर तिथे काटा येतो. न पाहिलेल्याला तो कुणी वेडा वाटतो. ‘द थिंग’मध्ये मात्र दोन्ही सिनेमांची कथा इतकी वेगळी आहे की कुठलाही आधी चालतो. तिथे मी छोटा आधी लावीन, 87 मिनिटांचा 1951 चा, आणि 109 मिनिटांचा नंतर.

गॉडझिलासाठी माझा सल्ला: शनिवारी 1954 चा मूळ जपानी सिनेमा, 96 मिनिटं. रविवारी 2023 चा ‘गॉडझिला मायनस वन’, सुमारे दोन तास. तो काटेकोर अर्थाने रिमेक नाही, कथा युद्ध संपतानाच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतल्या जपानची आहे. पण टोकियोच्या गिंझा भागातल्या हल्ल्यात गॉडझिला आगगाडी तोंडात धरतो, तो प्रसंग थेट 1954 मधून आलेला आहे, आणि मूळ सिनेमाचे संगीतकार इफुकुबे यांचं जुनं संगीतही तिथे वाजतं. शेजारी शेजारी ठेवून बोलायला यापेक्षा चांगला तुकडा नाही. शिवाय पोरांना उपयोगी पडेल अशी माहिती: त्या सिनेमातले 610 दृश्य-परिणामांचे शॉट 35 जणांच्या चमूने केले आणि त्याला 2024 मध्ये दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं. 1998 चा सिनेमा पूर्ण दाखवायचा मोह टाळा. तो 139 मिनिटांचा आहे, आणि तो जोडीत आला की सगळी चर्चा ‘त्याला शिव्या घालणं’ एवढ्यावर येते.

आता हसण्याकडे येतो, कारण तुम्हाला सगळ्यांत जास्त तेच लागलेलं दिसतंय. हॉलमधलं हसू निम्म्याहून जास्त वेळा तांत्रिक कारणाने येतं. जुना सिनेमा चुकीच्या पद्धतीने दाखवला तर तो खरोखरच हास्यास्पद दिसतो.

पहिली चूक, चित्र ताणणं. 1933 चा काँग आणि 1954 चा गॉडझिला दोन्ही 1.37 ला 1 या जवळजवळ चौकोनी मापाचे आहेत. प्रोजेक्टरवर ‘फुल’ किंवा ‘वाइड’ हे सेटिंग राहिलं की चित्र आडवं फुगतं, माणसं बुटकी आणि प्राणी लठ्ठ दिसतात. ‘ऑटो’, ‘नॉर्मल’ किंवा 4:3 ठेवा. तुमचा पडदा 10 फूट रुंद, 16:9 मापाचा असेल तर त्याची उंची साधारण साडेपाच फूट, आणि जुनं चित्र त्यावर पावणेआठ फूट रुंद दिसेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या येऊ द्या.

दुसरी चूक जास्त घातक आहे. नव्या टीव्ही आणि प्रोजेक्टरमध्ये दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम घालणारी सोय असते. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, मेन्यूत ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ असा शब्द शोधा आणि ती बंद करा. 1933 चा काँग म्हणजे सुमारे 18 इंचांचा पुतळा, आत धातूचे सांधे आणि वर सशाची फर. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी तो कणभर हलवून एक फ्रेम घ्यायचे, सेकंदाला 24. त्या हालचालीत किंचित झटका असतो आणि तोच तिचा जीव आहे. यंत्राने मधल्या फ्रेम भरल्या की काँग पाण्यावर तरंगल्यासारखा हलतो. मग पोरं हसणारच.

फर मधूनमधून थरथरते तीही प्रास्ताविकात सांगून ठेवा. प्रत्येक फ्रेमला पुतळा बोटांनी धरावा लागायचा आणि त्या दाबाने केस इकडेतिकडे व्हायचे. हे कळलं की तीच थरथर पाहायला पोरं पुढे सरकून बसतात. आणि एक प्रसंग आवर्जून दाखवा. काँग डायनासोरचा जबडा फाडून त्याला मारतो. मग लगेच निघून जात नाही. मेलेल्या प्राण्याचा जबडा उचलतो, सोडतो, तो लटकतो का बघतो, पुन्हा हलवून बघतो. खरंच मेला का, याची खात्री करणारं ते कुतूहल एका 18 इंची पुतळ्यात आलंय. 2005 मध्ये पीटर जॅक्सन यांनी ही लकब जशीच्या तशी ठेवली. 1976 च्या काँगमध्ये डायनासोरच नाहीत, तिथे तो एका अजगराशी झुंजतो. त्या सिनेमाची जाहिरात 40 फुटी यांत्रिक माकडावर झाली आणि ते पडद्यावर जेमतेम काही सेकंद दिसलं. बाकी सगळीकडे कातडं घातलेला माणूस, रिक बेकर. तेव्हाच्या चाहत्यांना फसवणूक वाटली ती यामुळे. पुढच्या वेळी काँगवर बोलाल तेव्हा तिन्ही सिनेमांतली फक्त ही झुंज समोर ठेवा, तासाभराची चर्चा त्यातच होते.

गॉडझिलाच्या बाबतीत सांगायची गोष्ट वेगळी. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांना पुतळा फ्रेम-फ्रेम हलवूनच करायचं होतं, पण वेळ नव्हता, म्हणून माणसाला जड पोशाख घातला. शहर बांधलं 1/25 प्रमाणात. गॉडझिलाची उंची 50 मीटर, म्हणजे पोशाख 2 मीटरचा. हिशेब बरोबर जुळतो. आता एवढ्याशा इमारतीची भिंत नेहमीच्या वेगाने पडली तर ती पुठ्ठ्याची वाटते, कारण छोटी वस्तू कमी उंचीवरून पडते आणि लवकर जमिनीला लागते. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 25 चं वर्गमूळ 5, म्हणून हिशेबाने कॅमेरा पाचपट वेगाने चालवून नेहमीच्या वेगाने दाखवला की भिंत खऱ्या भिंतीइतक्या सावकाश कोसळते. प्रत्यक्षात दरवेळी एवढा वेग जमत नाही, पण तत्त्व हेच. विज्ञान शाखेच्या पोरांना फळ्यावर ही दोन ओळींची आकडेमोड करून दाखवा. हाच नियम पोशाखातले नट हरूओ नाकाजिमा यांच्या चालण्याला लागू आहे. पोशाखाचं वजन आणि कॅमेऱ्याचा वेग मिळून ते पाऊल जड पडतं.

आवाजाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. लग्नाच्या डीजेकडून बॉक्स आणतात आणि ते असतात तसेच, बेस चढवलेले, वापरतात. 1954 चा आवाज एकाच वाहिनीचा, मधल्या पट्टीत भरलेला आहे. बेस वाढला की संवाद घुमतात आणि संगीताचा चिखल होतो. बेस उतरवा, मधली पट्टी थोडी वर घ्या, सराउंड बंद ठेवा, दोन्ही बॉक्स पडद्यालगत ठेवून दोन्हींतून एकच आवाज सोडा. हॉलची मागची भिंत उघडी असेल तर तिच्यावर सतरंज्या टांगा, घुमणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. गॉडझिलाची डरकाळी अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर ओढून काढली आहे. तो खरखरीत कण ऐकू आला पाहिजे. खेळाच्या आधी तेवढाच तुकडा वाजवून आवाज जुळवा.

अंधाराचं आणि विजेचं. काळ्या-पांढऱ्या सिनेमात राखाडीच्या छटा हेच सर्वस्व, आणि खिडक्यांना पातळ पडदे असलेल्या हॉलमध्ये त्या दिसत नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सव्वासहाला सुरू करा. त्याआधी दुपारचा खेळ नको. 10 फुटी पडद्याला अंधाऱ्या हॉलमध्ये 3000 एएनएसआय ल्युमेनचा (प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा) प्रोजेक्टर पुरतो. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे नुसते ‘ल्युमेन’चे आकडे धरू नका. लाइट गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा फुटू शकतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप 1 केव्हीएच्या यूपीएसवर ठेवा, बॉक्स आणि अॅम्प्लिफायर त्यावर लावू नका. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच, स्टॅबिलायझरमधून, भार जोडा.

प्रत कोणती, याची खात्री आठवडाभर आधी करा. 1954 च्या सिनेमाची 1956 मध्ये अमेरिकन आवृत्ती निघाली. तिच्यात रेमंड बर या अमेरिकन नटाची दृश्यं नव्याने चित्रित करून घुसवली आणि मूळची बरीच कापली. अणुचाचण्यांबद्दलचं बोलणं त्यात पातळ झालं. ती 80 मिनिटांची आहे. फाइल 96 मिनिटांची आहे का, एवढं पाहिलं तरी चूक टळते. अनेक वाद तर दोन माणसांनी दोन वेगळ्या आवृत्त्या पाहिलेल्या असल्यामुळेच होतात.

सबटायटल वेगळ्या फाइलमधून लावणार असाल तर शेवटची दहा मिनिटं चालवून बघा. सुरुवातीला जुळलेली सबटायटल 25 फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली आणि तुमची प्रत 24 ची असेल, तर तासाला जवळपास अडीच मिनिटांची तफावत पडते. 96 मिनिटांत ती चार मिनिटांच्या घरात जाते. मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा आणि ज्या लॅपटॉपवर खेळ होणार त्याच्यावरच तपासा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. ते जमण्यासारखं नसेल तर एका पानावर मराठीत पात्रांची नावं आणि कथेचा अर्धा भाग छापून वाटा. शेवट छापू नका.

प्रास्ताविक पाचच मिनिटं, आणि त्यात एकच गोष्ट. 1 मार्च 1954 ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरचे 23 जण किरणोत्सारी राखेत सापडले; त्यांतले एक, कुबोयामा, सप्टेंबरमध्ये वारले. 3 नोव्हेंबरला ‘गोजिरा’ (गॉडझिलाचं मूळ जपानी नाव) लागला. एवढं माहीत असलं की सुरुवातीला बोट पेटते तेव्हा हॉल शांत होतो. आगगाडीतली बाई दूषित माशांबद्दल आणि नागासाकीतून वाचल्याबद्दल बोलते, ते एक वाक्यही मग निसटत नाही. पुढे जळत्या टोकियोत एक आई लेकरांना कवटाळून सांगते की आता आपण बाबांकडे जाणार. मोठमोठ्याने शेरे मारत सिनेमा बघणं ही आपली जत्रेतल्या टुरिंग टॉकीजपासूनची सवय आहे, ती मोडायला जाऊ नका. पहिली पंधरा मिनिटं हसू देत, मागून “शांत बसा” ओरडू नका. आईच्या त्या प्रसंगाला कुणी हसणार नाही.

शनिवारी सिनेमा संपल्यावर चर्चा अजिबात घेऊ नका. दारात चिठ्ठ्या ठेवा: प्रत्येकाने एक प्रसंग आणि त्याबद्दल एक ओळ लिहायची. नाव ऐच्छिक. रविवारी दुसऱ्या सिनेमानंतर चहा, मग चाळीस मिनिटं चर्चा. पहिला प्रश्न “कोणता चांगला?” असा कधीच टाकू नका, त्याने लगेच दोन तट पडतात. सुरुवात चिठ्ठ्या वाचून करा. मग विचारा: प्राणी पहिल्यांदा पूर्ण दिसला तेव्हा तुम्ही कुणाच्या जागी उभे होतात? त्याला थांबवायला कुणाला काय गमवावं लागलं? 1954 मध्ये शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा गॉडझिलाला मारणारा आपला शोध कुणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःचा जीव देतात. 2023 चा सिनेमा जीव देण्याच्या याच कल्पनेला वेगळं उत्तर देतो. इथे जुन्या-नव्यांचं भांडण आपोआप सिनेमाच्या विषयावर येतं.

कुणी काका उठून “नव्यांनी वाटोळं केलं” म्हणाले तर खोडून काढू नका. विचारा, “काका, कोणत्या प्रसंगात?” प्रसंग सांगितला की तक्रार रूपाची आहे की कामाची ते लगेच कळतं. सांगता आला नाही तर ती तिसऱ्या प्रकारची आहे. त्यांनी तो सिनेमा कुठे, कुणाबरोबर पाहिला ते विचारा आणि दोन मिनिटं बोलू द्या. पोरांपैकी कुणी जुन्याला “भंगार” म्हणालं तर त्यालाही तोच प्रश्न, त्याच सुरात.

हक्कांचंही बघून ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाला सवलत आहे, पण प्रेक्षक संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असले पाहिजेत. गावाला खुलं आमंत्रण दिलं की हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ओटीटीच्या घरगुती खात्यावरून सार्वजनिक खेळ करता येत नाही. तुमच्याकडे बाहेरचे ज्येष्ठ प्रेक्षक येतात असं दिसतंय, त्यामुळे परवानगीचा पत्रव्यवहार आत्ताच सुरू करा. उत्तर यायला आठवडे लागतात. ‘मायनस वन’ची परवानगी वेळेत मिळाली नाही तर रविवारी ‘शिन गॉडझिला’साठी विचारा. तोही दोन तासांचाच आहे, वरचं बाकी सगळं नियोजन तसंच चालेल, फक्त प्रास्ताविकात 2011 च्या त्सुनामीबद्दल दोन वाक्यं घाला.